चुन्याची निवळी: रात्रभर थेंबथेंब की दिवसभर? मदत हवी आहे

मंडळी, ऐरोलीत घरी 200 लिटरची रीफ टाकी (खाऱ्या पाण्यातलं प्रवाळांचं मत्स्यालय) आहे. प्रवाळ वाढले तसा केएच (पाण्याची अल्कलिनिटी) 8 वरून 6.5 वर घसरला, म्हणून निवळी सुरू केली. 5 लिटर आरओ पाण्यात 8 ग्रॅम कॅल्शियम हायड्रॉक्साइड, हातमोजे घालून ढवळायचं, झाकून ठेवायचं, गाळ न हलवता वरचं नितळ पाणी सलाइनच्या नळीने सोडायचं. परवा नळीची थेंब कमी-जास्त करायची चकती सैल राहिली! तासाभरात दोन लिटर गेलं, पीएच 8.2 वरून 8.7, पाणी दुधाळ, क्लाउनफिश कोपऱ्यात धापा टाकतोय. आता सावरलाय.

रोज दोन लिटर पाणी उडतं. तेवढी सगळी भर निवळीनेच घालू? रात्री पीएच उतरतो तेव्हाच सोडू? आणि चकतीवर भरवसा न ठेवता तुम्ही काय लावता? (सासरे म्हणतात, पानाचा चुना टाक.)