‘पोलिन्या’ला मराठीत काय म्हणावं?

धंतोलीकर: शाळेच्या विज्ञान पुरवणीसाठी अनुवाद चालू आहे. वाक्य सध्या असं: ‘ध्रुवीय समुद्रातील कधीही न गोठणाऱ्या हिमसरोवरांमध्ये प्राण्यांना हिवाळाभर अन्न मिळते.’ मूळ शब्द पोलिन्या, म्हणजे समुद्रबर्फाने वेढलेलं खुलं पाणी; रशियनमधून आलेला. हिमसरोवर चालेल, की सरळ ‘बर्फातलं छिद्र’?

महालकर: दोन्ही नको. सरोवर म्हटलं की चारी बाजूंनी जमीन डोळ्यांपुढे येते. हे समुद्राचंच खारं पाणी, उणे १.८ अंशांच्या आसपास गोठणारं. ‘छिद्र’ वेडेल सीलसाठी राखून ठेवा. तो दातांनी बर्फ खरवडून श्वासापुरतं भोक उघडं ठेवतो. लांबट असेल तर ‘भेग’ म्हणा. पोलिन्या पसरट असतो. १९७४ ते १९७६ च्या हिवाळ्यांत अंटार्क्टिकाजवळच्या वेडेल समुद्रात दिसलेला सुमारे अडीच लाख चौरस किलोमीटरचा होता, म्हणजे विदर्भाच्या अडीचपट. त्याला छिद्र कसं म्हणणार, राजेहो?

आणि ‘कधीही न गोठणाऱ्या’ हे तर उलटंच झालं. किनाऱ्यालगतचा पोलिन्या सतत गोठत असतो. वारा तो बर्फ तिथे टिकू देत नाही, एवढंच.

बर्डीवाला: अंबाझरी तलावात जलपर्णी वाऱ्याने एका काठाला जाऊन बसते नि दुसऱ्या काठाचं पाणी उघडं पडतं, तसं?

महालकर: ढकलण्यापुरतं तसंच. पण जलपर्णी हटली तरी पाणी तेच राहतं, इथे पाणीही बदलतं. अंटार्क्टिकाच्या उंच पठारावरून थंड, जड हवा उतारावरून समुद्रावर कोसळते आणि नवा बर्फ बाहेर रेटते. उघड्या पाण्यात बारीक बर्फकण तयार होतात, वाऱ्याच्या दिशेने त्यांचे पट्टे पडतात, ते पुढे वाहून जातात आणि मागे पुन्हा पाणी गोठू लागतं. गोठताना बहुतेक मीठ पाण्यातच राहतं, पाणी जड होतं आणि तळाकडे जातं. अंटार्क्टिकातल्या आपल्या भारती संशोधन केंद्राच्या पश्चिमेला केप डार्नलीजवळचा पोलिन्या याच कारणाने ओळखला जातो. महासागराच्या तळाशी पसरणारं थंड पाणी जिथे तयार होतं, त्या जागांपैकी ती एक.

दुसरा प्रकार खालून वर येणाऱ्या उबदार पाण्याचा. वेडेलचा तसा होता. २०१६ आणि २०१७ मध्ये तिथेच, मॉड राइज या समुद्राखालच्या उंचवट्यावर, लहान पोलिन्ये उघडले. मुलांसाठी ‘वाऱ्याचा’ आणि ‘उबेचा’ एवढी नावं पुरेत. वाऱ्याच्या प्रकाराचं शास्त्रीय नाव ‘अप्रकट उष्म्याचा पोलिन्या’ असं शब्दशः केलंत तर त्या उष्म्याने बर्फ वितळतो असं वाटेल. गोठताना सुटणारी उष्णता फक्त हवेत निघून जाणाऱ्या उष्णतेची भरपाई करते.

सक्करदरा: ‘हिवाळाभर अन्न मिळते’ यालाही हरकत आहे. ध्रुवीय रात्रीत उजेडच नसतो, मग पाणी उघडं असून शेवाळ वाढणार कशावर? हिवाळ्यात पोलिन्याचा उपयोग श्वास घ्यायला आणि पाण्यात उतरायला. अन्नाची खरी कमाई वसंतात. बर्फावर हिम साचलं की खाली फारच थोडा उजेड पोचतो. उघड्या पाण्यात तो आधी पोचतो, म्हणून सूक्ष्म वनस्पतींची वाढ आजूबाजूच्या आधी सुरू होते.

पण उजेड आला म्हणजे सगळीकडे सारखं पीक, असंही नाही. या वनस्पतींना लोहही लागतं, आणि अंटार्क्टिकाच्या पाण्यात ते कमी. अमुंडसेन समुद्रात हिमनद्यांच्या वितळपाण्याबरोबर लोह येतं, म्हणून तिथला पोलिन्या फार सुपीक. रॉस समुद्रात पाणी खोलवर ढवळलं जातं तिथे फिओसिस्टिस नावाचं सूक्ष्म शेवाळ माजतं, वितळपाण्याचा उथळ थर असतो तिथे डायटम हे दुसऱ्या जातीचं. फिओसिस्टिसच्या चिकट वसाहती प्राणिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, फारसे खात नाहीत, म्हणजे हिरवं दिसणारं सगळंच पेंग्विनच्या पोटापर्यंत जात नाही.

उत्तरेचं उदाहरण घालायचं तर ग्रीनलंड आणि एल्समिअर बेटामधलं ‘नॉर्थ वॉटर’. उत्तरेला नेअर्स सामुद्रधुनीत बर्फाची कमान अडकते, तिच्या उत्तरेचा बर्फ थोपवून धरते, दक्षिणेचा वाऱ्याने आणि प्रवाहाने आणखी दक्षिणेला जातो. २००७ साली ती कमान धरलीच नाही आणि उत्तरेचा जाड बर्फ मोकळा खाली वाहत राहिला. तिथे छोट्या ऑक पक्ष्यांच्या कोट्यवधी जोड्या पिलांना कोपेपॉड हे बारीक कवचधारी जीव भरवतात. ग्रीनलंडचे लोक त्या जागेला पिकिआलासोर्सुआक म्हणतात, मोठा उमाळा. खालून पाणी वर येणं याला आपल्याकडेही ‘उमाळा’च म्हणतात.

बर्डीवाला: मग ‘हिमउमाळा’ करा की!

सक्करदरा: वाऱ्याच्या पोलिन्यात उमाळा मुख्य नसतो. तिथे पाणी खाली जातं.

धंतोलीकर: म्हणजे पोलिन्याच ठेवतो. पण लिंग? रशियनमध्ये स्त्रीलिंगी आहे. ‘संख्या, संख्येत’ तसं ‘पोलिन्येत’?

महालकर: पुल्लिंगी करा: पोलिन्या, पोलिन्यात, अनेकवचन पोलिन्ये. पहिल्यांदा वाचताना गल्लीतल्या पोराला हाक मारल्यासारखं वाटेल, त्याला इलाज नाही. पहिल्या उल्लेखाला ‘समुद्रबर्फाने वेढलेलं खुलं पाणी’ असा खुलासा जोडा.

धंतोलीकर: नवं वाक्य: ‘पोलिन्यात, म्हणजे समुद्रबर्फाने वेढलेल्या खुल्या पाण्यात, सील हिवाळ्यात श्वास घेतात आणि वसंतात तिथे अन्नसाखळी आधी सुरू होते.’

सक्करदरा: ‘अन्नसाखळी सुरू होते’ऐवजी ‘सूक्ष्म वनस्पती आधी वाढू लागतात’ करा. बाकी जाऊ द्या छापायला.