मदत हवी आहे: डोंगरातल्या शेतकऱ्याला ‘हवामान बदललं का?’ हे विचारायचं कसं?

नमस्कार मंडळी,

मी समाजशास्त्रात पीएचडी करते आहे. बदलत्या पावसाशी डोंगरातली शेतकरी कुटुंबं कसं जुळवून घेतात, हा विषय. क्षेत्र आंबेगाव तालुक्याचा पश्चिम पट्टा, म्हणजे डिंभे धरणाच्या वरची, भीमाशंकरच्या बाजूची गावं. वस्ती बहुतेक महादेव कोळी समाजाची. खाचरात भात, वरकस उतारावर नाचणी-वरई, आणि रोख पैसा म्हणाल तर हिरडा. मुलाखतींची पहिली फेरी झाली आहे. दुसरीला निघण्याआधी ज्यांनी असं काम केलंय त्यांचा सल्ला हवा आहे.

माझ्या प्रश्नावलीत एक प्रश्न होता: ‘गेल्या वीस वर्षांत पावसात काय बदल जाणवला?’ उत्तराला चार पर्याय. जवळजवळ सगळ्यांनी ‘अनियमित झाला’ हाच निवडला. बातम्यांत तोच शब्द असतो, आणि ताईला तेच हवंय हेही लोकांना कळतं. त्या कागदावरून मला काहीच कळलं नाही.

मग एका आजोबांनी कागद बाजूला ठेवायला लावला. वाळत घातलेल्या हिरड्यांतले नऊ हिरडे उचलून त्यांनी ओट्यावर ओळीनं मांडले, मृगापासून हस्तापर्यंत एकेका नक्षत्राला एक. “ह्यो मिरीग. ह्यो आर्द्रा. ह्यो तरणा, ह्यो म्हातारा.” (पुनर्वसूचा पाऊस तो तरणा आणि पुष्याचा म्हातारा, हे इथल्या बहुतेकांना माहीत असेलच.) मग प्रत्येकापुढे नाचणीच्या दाण्यांची ढिगुली: पूर्वी किती पडायचा, आता किती. तरण्यापुढचे दाणे त्यांनी निम्मे उचलले आणि आश्लेषापुढे ओतले. “आवणीच्या वक्ताला दडी मारतो, आन् आसळकात बांध फोडतो.” (आवणी म्हणजे भाताची रोपं खाचरात लावणं, आसळक म्हणजे आश्लेषा.) आख्ख्या प्रश्नावलीनं जे दिलं नाही ते दहा मिनिटांत ओट्यावर होतं.

आता माझी अडचण. हे दाणे मोजणीच्या पावसाशी ताडून बघायचे कसे? हवामान खात्याची चौकटवार आकडेवारी 0.25 अंशांची आहे, म्हणजे एकेक चौकट साधारण 25 किलोमीटरची. आमच्याकडे तेवढ्या अंतरात कोकणकडा, माथा आणि पर्जन्यछाया असे तिन्ही प्रकार येतात. भीमाशंकरला कोसळणारा पाऊस पूर्वेकडे सरकता सरकता तुटपुंजा होतो, या सगळ्याची सरासरी काढून कोणाचा पाऊस हाती लागणार? महसूल मंडळाचा पर्जन्यमापक असतो, पण तोही वाडीपासून लांब, दुसऱ्या खोऱ्यात. रोजच्या नोंदी महिन्याऐवजी 13-14 दिवसांच्या नक्षत्रात बसवायचं ठरवलंय. असं कोणी केलंय का? आणि आठवण व आकडा जुळले नाहीत तर? आमच्या विभागात ‘आठवण चुकते’ असं म्हणून विषय संपवतात. मला ते पटत नाही. शेतकरी मिलिमीटर लक्षात ठेवत नाही, रोप तगलं की करपलं हे लक्षात ठेवतो, आणि माझ्या विषयाला तेच जास्त जवळचं आहे.

दुसरा पेच याहून मोठा आहे. ‘जुळवून घेणं’ म्हणायचं कशाला? 2025 मध्ये मे महिन्यातच पाऊस लागला, 26 मेला तर मान्सून मुंबईत होता. एका घरी राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजून तयार करायला, रचलेला पालापाचोळा भाजायच्या आधीच भिजला. धूळवाफेवर, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत, पेरणी करता आली नाही. रोपं विरळ आली, खाचर अर्धं पडीक राहिलं आणि दादा-वहिनी नारायणगावच्या बाजूला मजुरीला गेले. माझ्या तक्त्यात हे ‘हवामानामुळे स्थलांतर’ म्हणून अगदी नीट बसतं. पण दोघं आधीही दरवर्षी जात होते, या खेपेला फक्त लवकर गेले.

गाळपेरीचंही तसंच. डिंभ्याचं पाणी उतरलं की उघड्या पडणाऱ्या जमिनीत लोक पीक घेतात. कौतुकानं लिहावं असंच ते आहे, पण ते जुळवून घेणं धरणाशी. पडकईनं, म्हणजे एकमेकांच्या रानात पाळीपाळीनं राबून, बांधबंदिस्ती करायची रीत इथे जुनी आहे. आता माणसं मजुरीला बाहेर, म्हणून पडकईला हात कमी, म्हणून बांध कच्चे, म्हणून जोराच्या सरीत खाचर वाहून जातं. यात पावसाचा वाटा किती ते मी कसं काढू? जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात हिरड्याची झाडं पडली, तिथे निदान कारण उघड दिसतं. बाकी ठिकाणी सगळं एकमेकांत गुंतलेलं आहे. मुलाखतींचं वर्गीकरण करताना तुम्ही हे धागे वेगळे ठेवलेत, की कुटुंबाची गोष्ट अखंड ठेवलीत?

तिसरी गोष्ट लिहिताना अजून जड जातं. एक आजी दोन तास भरभरून बोलल्या. शेवटी मी संमतीपत्र पुढे केलं आणि त्यांनी हात पदराखाली घेतला. “आमच्या मालकांनी आंगठा दिला व्हता. समदं पान्यात गेलं.” जमीन धरणात गेलेल्या बाईपुढे मी तिचं बोलणं संपल्यावर कागद धरला होता. ती मुलाखत मी वापरलेली नाही. आता आवाजात नोंदवलेली तोंडी संमती घ्यायची, आणि तीही बोलणं सुरू व्हायच्या आधी, असं ठरवलंय. पण आमच्या नैतिकता समितीला सहीच हवी आहे. तोंडी संमती कोणी मंजूर करून घेतली असेल तर अर्जात काय लिहिलंत, कोणता मुद्दा समितीला पटला, ते कृपया सांगा.

माळीण याच पट्ट्यातलं. 30 जुलै 2014 ला तिथे दरड कोसळून 151 माणसं गेली. दरडीच्या कारणांत उतारावरच्या सपाटीकरणाचंही नाव तेव्हा घेतलं गेलं, त्यामुळे जमिनीला काय केलंत हा प्रश्न इथे सहज विचारता येत नाही. विचारायचा तर कोणाला आधी, घरी की ग्रामसभेत? माझ्या मते घरी, आणि तोही दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत. अनुभवी लोकांनी चूक असेल तर थेट सांगावं.

एप्रिलमध्ये पुन्हा जाते आहे. राब भाजायचे दिवस असतात, लोक सकाळी रानात आणि दुपारी घरी सापडतात. त्याआधी नक्षत्रवार नोंदीचा एखादा तक्ता किंवा मंजूर झालेल्या तोंडी संमतीचा मसुदा कोणी दाखवू शकलं तर फार मोठी मदत होईल. त्या आजींकडे मात्र कागद न घेताच जाणार आहे.