शब्दचर्चा : ‘कोर्स रिव्हर्सल’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : केवळ उपकरणांच्या आधारे धावपट्टीकडे येताना वैमानिक जे ‘कोर्स रिव्हर्सल’ करतात, त्याला ‘दिशाबदल’ किंवा सरळ ‘यू-टर्न’ म्हटले तर चालेल का?

उत्तर : ‘दिशाबदल’ फार मोघम आहे आणि ‘यू-टर्न’ चुकीचा. प्रमाण वळणात विमान सेकंदाला ३ अंश वळते, म्हणजे अर्ध्या वर्तुळाला १ मिनिट लागते. १२० नॉट (तासाला १२० नाविक मैल) वेगाने असे अर्धे वर्तुळ घेतले, तर विमान मूळ रेषेपासून सुमारे सव्वा नाविक मैल बाजूला, समांतर जाऊ लागते. वैमानिकाला तर तीच रेषा उलट्या दिशेने हवी असते. म्हणून आधी मुद्दाम बाजूला सरकावे लागते. समजा, विमान २७० अंशांवर, म्हणजे पश्चिमेकडे, धावपट्टीपासून दूर चालले आहे. ते ४५ अंश डावीकडे वळून २२५ अंशांवर येते. लहान, कमी वेगाच्या विमानांनी वळायला लागल्यापासून १ मिनिट मोजायचे, वेगवान विमानांनी सव्वा मिनिट. मग उजवीकडे १८० अंश वळून ०४५ अंशांवर यायचे आणि मूळ रेषा तिरकी गाठून ०९० अंशांवर धावपट्टीकडे निघायचे. दुसऱ्या प्रकारात ८० अंश एकीकडे आणि लगेच २६० अंश दुसरीकडे वळतात. दोहोंतली वजाबाकी १८० येते, हे मला फार सुबक वाटते.

बैलांचे औत बांधापाशी आल्यावर जागच्या जागी वळत नाही, त्याला मोकळी जागा घेऊन वळवावे लागते, तसेच हे. मुद्दाम लांबून फिरून येण्याला आपल्याकडे ‘वळसा’ हा तयार शब्द असल्याने मी ‘परतीचा वळसा’ सुचवेन. ‘मार्गप्रत्यावर्तन’ व्याकरणाने शुद्ध असले, तरी ते वाचून कुणाच्याही डोळ्यांपुढे विमान उभे राहणार नाही.

उपप्रश्न : मग ‘प्रोसीजर टर्न’ म्हणजेच हा वळसा का? आणि ‘घिरटी’ का नको?

उत्तर : ‘प्रोसीजर टर्न’चा अर्थ देशागणिक बदलतो, म्हणून भाषांतरात तो तसाच ठेवावा. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या पद्धतीत तो वर दिलेल्या दोन प्रकारांपुरता असून नकाशात छापला असेल तसाच उडवावा लागतो, आणि थेंबाच्या आकाराच्या वळशाला तिथे ‘बेस टर्न’ हे वेगळे नाव आहे. अमेरिकेत मात्र नकाशावर काटेरी बाण असेल, तर वळण्याची बाजू, अंतराची मर्यादा (बहुधा १० नाविक मैल) आणि २०० नॉटची वेगमर्यादा बांधलेली असते. वळणाचा प्रकार वैमानिकाने निवडायचा असतो.

‘घिरटी’ म्हटले की घार आठवते, आणि घार एका फेरीवर थांबत नाही. त्यामुळे वाट पाहत आकाशात लांबट फेरे घेत राहणाऱ्या विमानासाठी तो शब्द नेमका आहे. मात्र काही ठिकाणी तोच लांबट फेरा केवळ परतण्यासाठी आखलेला असतो. तिथे पुढे येण्याची परवानगी मिळालेली असून विमान ठरलेल्या उंचीवर असेल, तर जादा फेऱ्या नियंत्रकाला अपेक्षित नसतात. तिथे ‘घिरट्या घालून’ असे लिहिले, तर वाक्य सुंदर होईल आणि अर्थ चुकेल.