मदत हवी आहे: कानातल्या मेलेल्या पेशी इंजेक्शनने परत येतात का?

बाबा ६३ वर्षांचे. हिंगणघाटकडे जिनिंगच्या गोंगाटात २८ वर्षं काढली, कानात कधी कापसाचा बोळा घातला नाही (कापसाच्या ढिगात बसून!). आता भारी आवाज ऐकतात, पण नातीचं बोलणं आणि बैलाची घुंगरं गेली. सेवाग्रामला ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) केली. दोन्ही कानांची नस कमजोर, मशीन लावा म्हणाले.

त्यात बाजारात कोणीतरी सांगितलं की शहरात एक दवाखाना स्टेम सेलचं इंजेक्शन देतो. दोन लाख मागतात. बाबा बैलजोडी विकायला निघालेत.

मी वाचलं ते असं: माणसाच्या प्रत्येक कानात जन्मतः साधारण १५,००० केशपेशी (आवाज टिपणाऱ्या पेशी) असतात आणि त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. पक्ष्यांत मात्र शेजारच्या आधारपेशी त्यांची जागा घेतात, हे १९८८ मध्ये कोंबडीच्या पिलांत दिसलं. बाबांना हे सांगून चूक केली. "कोंबडीले येते, मंग मले काहून नाही?" हेच धरून बसलेत.

२०१३ मध्ये आवाजाने बहिऱ्या झालेल्या उंदरांत औषधाने आधारपेशींतला नॉच हा संदेश (केशपेशी बनू नका, असं सांगणारा) अडवला, तर काही नव्या केशपेशी आल्या, ऐकणंही थोडं सुधारलं. मग दवाखानावाले खरं बोलतात का? आणि आत्ता मशीन लावली तर पुढचा इलाज बंद होईल का?

प्रतिसाद: ताई/दादा, मी ऑडिओलॉजिस्ट (ऐकण्याची तपासणी करणारी तज्ज्ञ) आहे. बैल विकू नका. त्या उंदरांत सुधारणा थोडीच होती. केशपेशी पुन्हा उगवाव्यात म्हणून माणसांवर एफएक्स-३२२ नावाचं औषध तपासलं, २०२३ मध्ये ते तुलनेसाठी दिलेल्या खोट्या औषधापेक्षा (प्लासिबो) सरस ठरलं नाही. जीन थेरपीने ऐकू लागलेल्या मुलांच्या बातम्या दाखवतील. त्या मुलांच्या केशपेशी जिवंत होत्या, फक्त एक प्रथिन बनत नव्हतं. बाबांचं तसं नाही. मशीनने पुढचं काही बंद होत नाही, उलट बोलणं समजायची सवय टिकते. दोन्ही कानांना घ्या. सुरुवातीला भांड्यांचा आवाज टोचेल, म्हणून काढून ठेवू देऊ नका. मशीनसाठी मदत देणाऱ्या सरकारच्या एडिप योजनेचीही चौकशी करा.

धागाकर्ता: आभारी आहे ताई. सोमवारी मशीनसाठी जातो. तेवढं कोंबडीचं बाबांना कसं समजवायचं ते सांगा, आज सकाळपासून खुराड्यापाशीच बसलेत.