पायथनमधनं सी ला ॲरे पाठवला की ३९ फुटाचं ३.०५ होतंय, एरर काहीच नाही

पंचगंगा_काठ
नमस्कार मंडळी. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट पंचगंगेच्या पाणीपातळीवर घेतलाय. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याची दर तासाची पातळी पायथनमध्ये नमपाय (आकड्यांच्या यादी-तक्त्यांची लायब्ररी) ॲरेत घेतो, आणि पाणी ३९ फुटाची इशारा पातळी किंवा ४३ ची धोका पातळी कधी गाठणार ते काढायचं फंक्शन सीमध्ये आहे, ते एका सीनियरनं लिहून ठेवलेलं. सीटाइप्सनं (पायथनमधनं सीचं फंक्शन बोलवायची सोय) लायब्ररी लोड करतो आणि ॲरेचा पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, देतो. फंक्शन फ्लोट पॉइंटर आणि संख्या घेतं, एवढंच.
तपासायला ३९, ४३, ४५, ४७ असा चारच आकड्यांचा ॲरे पाठवला आणि सीमध्ये प्रिंट केलं तर आलं ०.०००००० मग ३.०५४६८८ मग परत ०.०००००० मग ३.०८५९३८. क्रॅश नाही, वॉर्निंग नाही. दोन दिवस झाले यातच अडकलोय. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं तेव्हा आमचं शाहूपुरीतलं घर पाण्यात होतं, त्यामुळं हे नुसतं मार्कांसाठी करत नाहीये, नीट चालायला पाहिजे.

शिरोलीकर
भावा, एक शून्य एक तीन पॉइंट काहीतरी असं आलंय म्हणजे टाइपच चुकलाय, सीनियरच्या कोडला काही झालेलं नाही. नमपायमध्ये ३९.० लिहिलंस की तो गपचूप फ्लोट६४ धरतो, म्हणजे एका आकड्याला ८ बाइट. सीचा फ्लोट ४ बाइटचा. तू पाठवतोयस फक्त पत्ता, त्या पत्त्यावर काय प्रकारचा माल आहे हे पत्त्याबरोबर जात नाही, सी तिथनं ४-४ बाइट उचलत सुटतो.
आता तुझेच आकडे बघ. ३९.० चे ८ बाइट हेक्समध्ये ४०४३८००० आणि पुढं सगळी शून्यं. आपल्या कॉम्प्युटरवर खालचा अर्धा भाग मेमरीत आधी असतो, म्हणून सीला पहिले ४ बाइट शून्य दिसले, ०.० छापलं. वरचा अर्धा भाग ४०४३८००० तोच फ्लोट म्हणून वाचला की बरोबर ३.०५४६८७५ येतो. ४३ चा वरचा भाग ४०४५८०००, त्याचे ३.०८५९३७५. आणि चार मागितले म्हणून चारच उचलले, म्हणजे तुझ्या ४५ आणि ४७ पर्यंत तो पोचलाच नाही.
उपाय दोन. सीमधला फ्लोट बदलून डबल (८ बाइटचा) कर, नाहीतर पायथनमध्ये ॲस्टाइप करून (टाइप बदलून) फ्लोट३२ (४ बाइटचा) कर. पण कुठलंही केलंस तरी आर्गटाइप्स (फंक्शनला कुठल्या टाइपचं काय जाणार ते) लिहीच, आणि तिथं साधा पॉइंटर न देता नमपायचा एनडीपॉइंटर दे, डीटाइप (आकड्याचा प्रकार) आणि सी-काँटिग्युअस (मेमरीत सलग) फ्लॅग दोन्ही सांगून. मग चुकीचा ॲरे गेला तर कॉल व्हायच्या आधीच पायथन एरर देतो. माझ्या मते हे न लिहिता सीटाइप्स वापरूच नये, कारण बिनएररचा चुकीचा आकडा क्रॅशपेक्षा लई वाईट, तोही पुराच्या कामात.

पंचगंगा_काठ
चाललं दादा! ३९ चं ३९ आलं. लई आभार.
पण आता पावसाच्या तक्त्याला एनडीपॉइंटर अडवतोय, काँटिग्युअस नाही म्हणतोय. ओळी म्हणजे तास, कॉलम म्हणजे ठिकाणं, राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी, पन्हाळा. पहिला कॉलम काढून पाठवतोय. टाइप तर फ्लोट३२ च आहे. तो फ्लॅग काढून टाकू का?

गोकुळ_शिरगाव_कोडर
नको नको, काढू नको, त्यानं वाचवलंय तुला. नमपायमध्ये तक्ता ओळीनं ठेवलेला असतो, पहिल्या तासाची चारही ठिकाणं, मग दुसऱ्या तासाची चार. कॉलम काढलास की नमपाय कॉपी करत नाही, तोच माल ठेवतो आणि नुसतं लिहून ठेवतो की दर १६ बाइटवर उडी मारायची. ही उडी सीला माहीत नसते. फ्लॅग काढलास तर राधानगरीचे पहिले चार तास मागितलेस आणि मिळाला पहिल्या तासाचा चार तालुक्यांचा पाऊस, आणि आकडे सगळे पावसासारखेच दिसणार, कुणाला संशयसुद्धा येणार नाही. ॲज-काँटिग्युअस-ॲरे मधनं काढ, तो सलग कॉपी करून देतो.
कॉपीचं मात्र दोन गोष्टीत लक्ष ठेव. एक, सी त्या ॲरेत उत्तर लिहिणार असेल तर ते कॉपीत जाणार, मूळ ॲरे होता तसाच. दोन, कॉपी आधी व्हेरिएबलमध्ये धर आणि मग पाठव. एकाच ओळीत ॲस्टाइप करून त्याचा डेटाचा पत्ता नुसता आकडा म्हणून काढून ठेवलास तर ओळ संपली की ती कॉपी मोकळी होते आणि सी रिकाम्या जागेत वाचत बसतो, कधी बरोबर येणार कधी कचरा. यात माझा एक आख्खा आठवडा गेलाय.
(पुढं फोरट्रानचं काही जोडलंस तर तिथं मांडणी कॉलमनं असते, तक्ता आडवाउभा होतो.)

रंकाळा_सायंकाळ
उशिरा लिहितेय पण एक राहिलं. सगळंच फ्लोट३२ करत सुटू नकोस. पातळीला चालतं, साधारण सात अंक नीट राहतात. पण तारीख-वेळ १९७० पासूनच्या सेकंदांत ठेवत असशील तर आत्ताचा आकडा १७० कोटींच्या वर आहे, आणि तिथं फ्लोट३२ च्या शेजारच्या दोन आकड्यांत १२८ सेकंदांचं अंतर पडतं. दोन मिनिटांतली रीडिंगं एकाच वेळेवर चिकटतील. वेळ इंट६४ ठेव आणि सीमध्येही ६४ बिटवाला इंट लिही, लाँग लिहू नको, कारण ६४ बिटच्या लिनक्सवर लाँग ८ बाइटचा आणि विंडोजवर ४ चा. नमपायसुद्धा विंडोजवर आधी ३२ बिटचा इंट धरायचा, २०२४ च्या २.० पासून ६४ धरतो, म्हणजे कॉलेजच्या जुन्या पीसीवर आणि तुझ्या लॅपटॉपवर एकच कोड वेगळा वागू शकतो.
विसर्ग इंट१६ मध्ये तर अजिबात नको. ३२७६७ च्या पुढं जागाच नाही. अलमट्टीचा १ लाख क्युसेक त्यात ॲस्टाइपनं घातलास की उणे ३१०७२ होतो, तोही न बोलता.
आणि रीडिंग नसलेल्या तासाला नॅन (‘आकडा नाही’ अशी खूण) ठेवला असशील तर इंट करायच्या आधी तो काढ, इंटमध्ये नॅन नसतोच, तिथं काय आकडा येईल याची खात्री नाही.

पंचगंगा_काठ
ताई, वेळ फ्लोट३२ मध्येच होती 🙏 आत्ता बघितलं, दर तासाची रीडिंगं होती म्हणून चिकटली नव्हती पण प्रत्येकाची वेळ मिनिटभर इकडंतिकडं झालेली. इंट६४ केली, सीमध्येही बदललं. रात्री जुलैचा सगळा डेटा परत चालवतो आणि इथंच टाकतो.