लॅपटॉप दुरुस्त करू की नवा घेऊ? (सल्ला हवा)

पानगळ:
नमस्कार मंडळी. सात वर्षांचा लॅपटॉप आहे, आठव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर. काम भाषांतराचं, म्हणजे वर्डच्या दोन-तीन फायली, ब्राउझर आणि शब्दकोश. गेम्स नाहीत, व्हिडिओ एडिटिंग नाही. हल्ली काम करता करता मध्येच गपकन बंद पडतो. निळा पडदा नाही, मेसेज नाही, सरळ अंधार. चार्जरची पिन जरा हलली तर हमखास. पंखा सारखा घरघरतो. टचपॅडचं क्लिक होईनासं झालंय म्हणून वेगळा माउस लावलाय. टेबलावर डुगडुगतो, पण ते सोडा, खालचा रबरी पाय झिजला असेल. पुठ्ठ्याची घडी सरकवून ठेवली आहे.

सर्व्हिस सेंटरवाल्याने उघडूनही न बघता 'मदरबोर्ड गेला' म्हणून सांगितलं. बजेट: नव्या साध्या लॅपटॉपच्या किमतीचा पाव हिस्सा, त्यावर एक पैसा नाही. त्यात काय करता येईल?

हवाबाण:
नवीनच घ्या. सात वर्षं म्हणजे वसूल झाला की. मी मागे घेतला तो ३२ जीबी रॅम, ओएलईडी स्क्रीन. काळा रंग म्हणजे खरोखर काळा दिसतो. बजेट थोडं वाढवा, रोज रोज घेतो का आपण लॅपटॉप?

पानगळ:
@हवाबाण, पाव हिस्सा म्हटलंय हो मी.

तिरपागडा:
एसएसडी टाका. माझा जुना डबा भंगारात निघाला होता, एसएसडी टाकल्यावर पळायला लागला. साध्या हार्ड डिस्कचा वेग सेकंदाला शंभरेक एमबी, साटा एसएसडीचा पाचशेच्या आसपास. दुसरं काही करू नका.

बोरूबहाद्दर:
+१. एसएसडी.

रातकिडा:
एसएसडीला अनुमोदन. शिवाय रॅम वाढवा.

पानगळ:
एसएसडी पहिल्यापासून आहे. आणि तक्रार हळू चालण्याची नाहीये, बंद पडण्याची आहे.

तिरपागडा:
मग एनव्हीएमई टाका, म्हणजे साटाहून वेगवान एसएसडी.

टक्स_आजोबा:
विंडोज १० असेल तर त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपला. विंडोजऐवजी लिनक्स टाका. त्यावरच्या लिब्रेऑफिसमध्ये वर्डच्या फायली उघडतात. माझ्याकडे याहून म्हाताऱ्या मशिनवर लिनक्स मिंट सुखात चाललंय.

बोरूबहाद्दर:
लिब्रेऑफिसमध्ये ट्रॅक चेंजेसची फाइल उघडून परत पाठवा आणि मग क्लायंटचा फोन घ्या. मांडणी कुठल्या कुठे जाते.

टक्स_आजोबा:
फॉन्ट नीट टाकलेले नसले की जाते. दोष फॉन्टचा, नाव लिनक्सचं.

रातकिडा:
आठव्या पिढीला विंडोज ११ अधिकृतपणे चालतं. टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, बंद ठेवलेलं असेल तर चालू करावं लागतं, एवढंच. लिनक्सची गरजच काय?

टक्स_आजोबा:
गरज नाही, आवड असते साहेब. वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

सावकाश:
मुद्द्यावर या की. अचानक बंद पडणं आणि पंख्याची घरघर म्हणजे धूळ. उष्णता बाहेर टाकणाऱ्या हीटसिंकच्या जाळीत लोकरीसारखा थर बसतो, प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास गेला की स्वतःला वाचवायला बंद पडतो. साफ करून नवी थर्मल पेस्ट लावा. माझा व्हॅक्यूम क्लीनरने साफ केला, अजून ठणठणीत.

रातकिडा:
व्हॅक्यूम क्लीनर लावू नका कुणी! त्याच्या नळीने स्थिर वीज तयार होते. हवेचा डबा वापरा आणि पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर भलत्याच वेगाने फिरतं.

सावकाश:
माझ्या लॅपटॉपला नाही माहीत ती स्थिर वीज.

खिळेमोळे:
पानगळ ताई, बाकी सगळं राहू द्या, आधी हे वाचा. टचपॅड दाबलं जात नाही, लॅपटॉप डुगडुगतो आणि पिन हलली की बंद, हे तिन्ही एकाच ठिकाणी बोट दाखवतात. बॅटरी फुगली असणार. बहुतेक मॉडेलमध्ये ती टचपॅडच्या खाली किंवा शेजारी असते. फुगली की टचपॅडला खालून रेटते आणि तळाच्या झाकणाला पोट येतं. चार्ज धरत नसल्यामुळे चार्जर सुटला की अंधार. गरम होऊन बंद पडत असता तर जास्त काम चालू असताना पडला असता, पिन हलवल्यावर नाही.

पुठ्ठा काढा. झाकण मिटून सपाट फरशीवर ठेवा आणि बाजूने, डोळे फरशीच्या पातळीला आणून बघा. मधोमध टेकून कडा अधांतरी दिसल्या तर शंकाच नको. तसं असेल तर लगेच बंद करून चार्जर काढा. टचपॅड दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, वर वजन ठेवू नका.

हवाबाण:
मदरबोर्ड सांगितलाय ना त्यांना? तंत्रज्ञाला कळत नाही आणि आपल्याला कळतं होय.

खिळेमोळे:
न उघडता सांगणाऱ्याला मी तंत्रज्ञ म्हणत नाही.

बोरूबहाद्दर:
माझी बॅटरी फुगलेलीच होती, तशीच वापरली, काही झालं नाही. उगाच घाबरवू नका.

खिळेमोळे:
तुमचं नशीब. आतल्या इलेक्ट्रोलाइटचं (रासायनिक द्रावाचं) विघटन होऊन वायू सुटतो, म्हणून ती फुगते. पिशवी फाटली किंवा टोचली गेली तर पेट घेऊ शकते, आणि लिथियमची आग एकदा विझल्यासारखी वाटून परत भडकते. दर वेळी लागत नाही हे खरं. पण ज्या वेळी लागेल ती आपण निवडत नाही.

ज्यांचा लॅपटॉप अजून धड आहे त्यांनी बॅटरी रिपोर्ट काढून बघा. कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, एक मोकळी जागा, तिरकी रेघ, बॅटरीरिपोर्ट, अर्थातच रोमन अक्षरांत. त्यात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी असे दोन आकडे येतात. दुसरा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर बॅटरी म्हातारी झाली. फुगलेली मात्र रिपोर्टात दिसत नाही, ती डोळ्यांनीच बघावी लागते.

तिरपागडा:
माझा ६१ टक्के. चांगला का वाईट?

रातकिडा:
माझा ८८. बायोसमध्ये ८० टक्क्यांची चार्जिंग मर्यादा लावून ठेवली आहे. पूर्ण भरून, गरम ठेवून बॅटरी लवकर मरते हे मी कितीदा लिहिलंय या फोरमवर, वाचतं कोण.

पानगळ:
खिळेमोळे, पैजेचे विडे तुमचे. फरशीवर ठेवला तर गोल फिरतोय! मोबाइलवरून लिहिते आहे. स्वतः उघडू का?

खिळेमोळे:
हात स्थिर असेल तर उघडा. पण बॅटरी गोंदाने चिकटवलेली दिसली तर तिथेच थांबा आणि माहीतगाराकडे न्या, धातूच्या कशानेही उचकटू नका. स्क्रूने बसवलेली असेल तर सोपं आहे. आधी कनेक्टर सोडवायचा, तारा न ओढता. काढलेली बॅटरी पत्र्याच्या डब्यात वाळूवर, झाकण घट्ट न लावता, घराबाहेर ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्यांना द्या. घरच्या कचऱ्यात नाही.

मग चांगल्या दर्जाची नवी बॅटरी टाका, तुमच्या पाव हिश्श्यात सहज बसेल. अगदी स्वस्तातली कॉपी घेऊ नका.

हवाबाण:
सात वर्षांच्या मशिनला नवी बॅटरी? उद्या बिजागरी जाईल, परवा कीबोर्ड. नवीन घ्या.

सावकाश:
उघडताच आहात तर धूळही काढा.

पानगळ:
उघडला. कागदावर लॅपटॉपची आकृती काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटपट्टीने लावत गेले, बिजागरीजवळचे दोन लांब निघाले. बॅटरी स्क्रूवर होती. तीन कप्प्यांपैकी मधला उशीसारखा टम्म, त्याने टचपॅडच्या मागची पट्टी वाकवली होती. आता क्लिक होतंय. धूळही काढली, ब्रशने.

आणि निर्णय: नवी बॅटरी घेणार नाही, नवा लॅपटॉपही नाही. लॅपटॉप माझ्या टेबलावरून हलत नाही, चार्जर कायम लावलेला. बिनबॅटरीचा चालू करून पाहिला, चालतो. तसाच वापरणार.

तिरपागडा:
एवढा धागा वाचून हे?

बोरूबहाद्दर:
वीज गेली की भाषांतर गेलं. डोक्याला ताप.

खिळेमोळे:
मी असतो तर बॅटरी टाकली असती. पण करणारच असाल तर एक छोटा यूपीएस घ्या, पाव हिश्श्यात तोही बसतो, आणि वर्डमधला ऑटोरिकव्हर दर मिनिटावर आणा. दुसरं, बॅटरी नसली की काही लॅपटॉप प्रोसेसरचा वेग मुद्दाम खाली आणतात, कारण जास्तीच्या मागणीला एकटा चार्जर कमी पडू शकतो. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, सीपीयू, तिथे स्पीड बघा.

पानगळ:
बघितला. ०.७९ गिगाहर्ट्झच्या वर जात नाही, काही केलं तरी. टायपिंगला पुरतंय, शब्दकोश उघडताना थांबावं लागतं. यूपीएस बघते आहे, कुठला घेऊ ते सांगा. बजेट उरलेलं, म्हणजे अजून सगळंच.

हवाबाण:
यूपीएस घ्यायचाच तर मोठाच घ्या.