आर्मेनिया ख्रिस्ती झाला तो इ.स. ३०१ मध्ये? मला पटत नाही

सनावळी: ‘जगातलं पहिलं ख्रिस्ती राज्य, साल ३०१’ असं सगळीकडे ठोकून दिलेलं असतं. जरा हिशेब लावा. आर्मेनियाच्या तिरदात राजाची गादी रोमच्या जिवावर. २९८ मध्ये रोमच्या गॅलेरियसने इराणचा राजा नरसेह याला झोडपलं म्हणून ती टिकली. तोच गॅलेरियस आणि रोमचा सम्राट डायोक्लेशियन ३०३ मध्ये चर्च पाडायला आणि ग्रंथ जाळायला निघाले. त्यांचा मांडलिक दोन वर्षं आधीच ख्रिस्ती होऊन बसतो आणि रोम चकार शब्द काढत नाही? ३१३ मध्ये रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने ख्रिस्त्यांना मोकळीक दिली, मग वारा बघून तिरदातने धर्म बदलला. माझं साल ३१४. राजाचं रानडुक्कर झालं वगैरे आर्मेनियन इतिहासकार आगाथान्गेलोसच्या कथा पाचव्या शतकातल्या, त्या सोडा.

गडदनिळा: मांडलिक म्हणजे हुकमाचा ताबेदार नव्हे हो. ६६ मध्ये इराणच्या पार्थियन घराण्यातल्या पहिल्या तिरदातला, म्हणजे आर्मेनियाच्या आधीच्या एका राजाला, रोममध्ये सम्राट नीरोच्या हातून मुकुट मिळाला. दोन्ही डगरींवर हात ठेवूनच हे राज्य चालायचं. आणि चर्चचा इतिहास लिहिणारा युसेबियस तर त्याच काळातला! तो लिहितो की ३१२ च्या सुमारास रोमच्या पूर्वेकडचा सम्राट मॅक्सिमिनस दाइआने आर्मेनियनांशी युद्ध काढलं, ते ख्रिस्ती असूनही त्यांना मूर्तींपुढे बळी द्यायला लावत होता म्हणून. मग ३१४ कुठे राहिलं?

सनावळी: राजाचं नाव आहे का त्यात? नाही. रोमच्या सीमेलगतचे आर्मेनियन असतील. लोक ख्रिस्ती असणं वेगळं, राज्य ख्रिस्ती होणं वेगळं.

तळटीप: तुम्ही दोघं रोमकडेच काय बघत बसलाय? खरी धास्ती इराणची. २२४ मध्ये इराणमध्ये सासानी घराण्याने पार्थियन अर्शक घराण्याला उलथवलं, आणि तिरदात त्याच अर्शक कुळातला. अग्निपूजक सासानींपासून तोडून घ्यायला वेगळा देव हवाच होता. वर देवळांच्या जमिनी चर्चकडे वळवल्या. तुम्हाला नको असलेला आगाथान्गेलोसच सांगतो, राजाला ख्रिस्ती करणाऱ्या ग्रेगरीने जुन्या पुजाऱ्यांची पोरं शिकवायला बसवली आणि त्यांतलेच काही पुढे बिशप झाले. म्हणजे वतन घरातच! इराण नुकताच मार खाऊन गप्प होता, म्हणून ३०१ च बरोबर.

सनावळी: मुद्दा झकास, साल चुकलं. शापूर दुसरा जन्मला ३०९ मध्ये. ३१४ मध्ये इराणच्या तख्तावर पाच वर्षांचं पोर होतं. तुमचं कारण माझ्याच सालाला जास्त शोभतं.